नाताळ: मनन म्हणजे नेमकं काय करायचं? (आगमनकाळ, मेणबत्त्या, रिकामी गव्हाणी)

मिठागर | गुरुवार, 27 नोव्हेंबर 2025, रात्री 9:10

येत्या रविवारी आगमनकाळ लागतोय. करंज्या, केक, तारा, गोठा, कॅरलची तालीम या सगळ्यांच्या याद्या घरोघरी तयार आहेत. ज्यासाठी हे सगळं, त्याची यादी कुणाकडे नसते. म्हणून धागा.

घरच्या घरी, फादर किंवा पाळकसाहेब समोर नसताना, रोज वीस मिनिटं मनन करायचं तर:
वाचायचं काय आणि कुठल्या क्रमाने?
चार मेणबत्त्यांचं चक्र करायचं का, कसं?
आणि मुख्य म्हणजे, मनन करताना नक्की करायचं काय? डोळे मिटले की बाजाराची पिशवीच दिसते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलांना आपण "नाताळ म्हणजे येशूबाळाचा वाढदिवस" असं सांगतो, तिथेच अर्धा अर्थ सांडतो. वाढदिवस कुणाचाही असतो.

तिसरी_घंटा | 9:24

बाजाराची पिशवी दिसली तर उघडून बघा, आत गव्हाणी असायची. रुमाल टाकून ठेवतो.

जांभळा_रविवार | 9:52

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चर्चने आधीच देऊन ठेवलंय, वेगळी यादी करायची गरज नाही.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. सुरुवात 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यात जो रविवार येईल त्या दिवशी, म्हणून काळाची लांबी 22 ते 28 दिवस अशी कमीजास्त होते. 2023 मध्ये चौथा रविवारच 24 तारखेला आला होता, सगळं 22 दिवसांत आटोपलं. यंदा 30 नोव्हेंबर, 7, 14 आणि 21 डिसेंबर.

कॅथलिक वाचनपत्रिकेत यंदा 'अ' वर्ष सुरू होतं, म्हणजे रविवारी मत्तय. रविवारची शुभवर्तमानं: मत्तय 24:37-44, मग 3:1-12, मग 11:2-11, शेवटी 1:18-24. सोबत यशया 2, 11, 35 आणि 7 मधले उतारे. बघा, पहिल्या रविवारी बाळाचं नावसुद्धा नाही. "जागे राहा" आहे. दुसऱ्या-तिसऱ्याला बाप्तिस्मा करणारा योहान, आणि तिसऱ्याला तर तो तुरुंगातून विचारतोय की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? इतकी शंका चर्च नाताळच्या तोंडावर मुद्दाम वाचतं. बाळ येतं ते चौथ्या रविवारी, आणि तेही योसेफाच्या बाजूने.

17 डिसेंबरपासून रोजच्या मिस्साची (कॅथलिक चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या उपासनेची) वाचनं बदलतात. 17 ला मत्तय 1:1-17 ची वंशावळ, 18 ला योसेफाचं स्वप्न, 19 ला जखऱ्या (योहानाचा बाप), 20 ला मरीयेला निरोप, मग तिची अलिशिबेशी (योहानाच्या आईशी) भेट, तिचं गीत, योहानाचा जन्म, आणि 24 ला सकाळी जखऱ्याचं गीत (लूक 1:67-79). यंदा 21 ला रविवार असल्याने त्या दिवशी रविवारचंच वाचन. ज्यांना चार आठवडे जमणार नाहीत त्यांनी 17 ते 24 एवढं तरी धरावं. कुठलाही उतारा सावकाश मोठ्याने वाचला तरी पाच मिनिटांत होतो.

आणि वंशावळ गाळू नका. तीन वेळा चौदा पिढ्या असं मत्तय म्हणतो (शेवटच्या गटात मोजून बघा, गंमत आहे). पुरुषांच्या त्या रांगेत मरीयेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. चौघींच्या गोष्टी नात्यागोत्यात मोठ्याने सांगण्यासारख्या नाहीत. हीच याची माणसं, असं मत्तय पहिल्या पानावर सांगतो.

नाचणीसत्त्व | 10:15

मेणबत्त्यांचं मी सांगते: दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही चाल जुनी वाटते, पण तशी नाही. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न या लुथरन पाळकाने अनाथ मुलांच्या आश्रमात लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या लावल्या. "अजून किती दिवस?" विचारणाऱ्या मुलांना दिवस दिसावेत म्हणून. कॅथलिकांनी ती नंतर उचलली.

आता हिशेब. रोज 20 मिनिटं धरली तर यंदा 24 तारखेपर्यंत पहिली मेणबत्ती 25 दिवस जळते, म्हणजे 500 मिनिटं, सव्वाआठ तासांच्या वर. दुसरी 18 दिवस, तिसरी 11, आणि चौथी फक्त 4 दिवस, म्हणजे 80 मिनिटं. दुकानातली बारीक मेणबत्ती पहिल्यासाठी घेतली तर ती दुसऱ्या आठवड्यातच संपते. पहिल्या दोन तरी जाड घ्या, निदान 5 सेंमी व्यासाच्या.

रंग: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी, तो आनंदाचा रविवार. जांभळी मिळत नसेल तर पांढरीला जांभळी फीत बांधा, पण अगदी बुडाशी, आणि मेणबत्ती चार बोटं उरली की फीत सोडा. बहुतेक भानगडी फितीनेच होतात. दुसरी भानगड सुरूची. सुरूच्या फांद्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत आठवड्यात वाळून काड्या होतात आणि मग ठिणगीची वाट बघतात. पितळी परातीत ओली वाळू, वाळूत मेणबत्त्या, फांद्या परातीच्या काठाबाहेर, आणि दर रविवारी नव्या.

चौघींची उंची सारखी दिसावी म्हणून काही जण मध्येच मेणबत्त्या बदलतात. बदलू नका. 24 तारखेला त्या पायऱ्यांसारख्या दिसतात, तेच तर बघायचं असतं.

खोडरबर | 10:31

सगळं छान, पण 25 डिसेंबर ही तारीखच बायबलात नाही. रोमन लोकांचा सूर्याचा सण उचललाय. मग मनन कशाचं करायचं?

अर्धविराम | 10:58

@खोडरबर, तारीख बायबलात नाही हे बरोबर. पुढचं इतकं सरळ नाही. रोममध्ये हा दिवस पाळल्याचा सगळ्यात जुना पुरावा 354 च्या एका पंचांगातल्या यादीत सापडतो, आणि ती यादी 336 पर्यंत मागे जाते. ऑरेलियन बादशहाने 274 मध्ये 'अजिंक्य सूर्या'चं देऊळ उभारलं हे खरं. पण दुसरा एक हिशेबही जुना आहे: येशूचा मृत्यू आणि गर्भधारणा एकाच तारखेला, 25 मार्चला, असं मानणारे होते. त्यात नऊ महिने मिळवा. कुठला हिशेब आधीचा यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही.

शिवाय तारीख म्हणाल तर अर्मेनियन चर्च 6 जानेवारीला पाळतं. रशियन चर्च 7 जानेवारीला, कारण त्यांच्या पंचांगात आणि आपल्यात सध्या 13 दिवसांचा फरक आहे. साल घ्याल तर ज्याच्या काळात येशू जन्मला तो हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इसवी सनापूर्वी 4 मध्ये मेला, म्हणजे येशूचा जन्म त्याच्याही आधीचा. दिवस चुकला म्हणून श्रद्धा कोसळत नाही, कारण तो दिवस जन्मदाखल्यासाठी नेमलेला नाही, आठवणीसाठी नेमलाय.

तिसरी_घंटा | 11:02

म्हणजे येशूचा जन्म येशूच्या आधी चार वर्षं. आधार कार्डवाल्यांना सांगू नका.

शब्दवेडी | शुक्रवार, 28 नोव्हेंबर, सकाळी 7:40

तिसऱ्या प्रश्नाकडे शब्दांच्या वाटेने जाते. लूक 2:7 मराठीत असं आहे: त्याला तिने "बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती."

तीन शब्द घ्या. बाळंतं: घरातली जुनी मऊ साडी फाडून केलेला कापडाचा तुकडा, आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक. इंग्रजी वाचणाऱ्यांना इथे कोशात बघावं लागतं, आपल्याला नाही. देवाच्या पुत्राला लागलेली पहिली वस्तू ही.

गव्हाणी: गुरांना वैरण टाकायची जागा. तिकडे त्या बऱ्याचदा दगडात कोरलेल्या असत. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत ती गव्हाणी मुद्दाम दगडी पेटीसारखी काढतात आणि बाळंत्याच्या पट्ट्या कफनासारख्या. जन्माच्या चित्रातच थडगं.

उतारशाळा: इथे घोळ आहे. मूळ ग्रीक शब्द 'काताल्युमा'. लूकनेच हा शब्द पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरलाय (22:11). आणि पैसे घेऊन उतरवणाऱ्या खाणावळीसाठी, चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, त्याने वेगळाच शब्द घातलाय (10:34). म्हणजे इथे 'पाहुण्यांची खोली' हा अर्थ जास्त बसतो. खोली भरलेली, म्हणून घराच्या ज्या भागात गुरं बांधतात तिथे बाळ.

ओटीपडवी | 8:05

@शब्दवेडी, हे कोकणातल्या जुन्या घरात पटकन कळतं. पडवीला लागून गोठा, मधे अर्धी भिंत. बाळंतिणीला आडोसा आणि ऊब दोन्ही तिथेच. म्हणजे दारोदार हाकललं, दुष्ट खानावळवाल्याने दार आपटलं, हे सगळं आपल्या शाळेच्या नाटकातलं. लूकमध्ये खानावळवाला नाहीच!

जांभळा_रविवार | 8:30

नाहीच. बैल आणि गाढवही नाहीत, ते यशया 1:3 मधून आले. राजे नाहीत, मत्तयात मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) आहेत. तीन होते असंही नाही, देणग्या तीन होत्या. आणि ते गोठ्यात नाही, "घरात" गेले (2:11).

पण म्हणून गोठ्यातून बैल उचलून टाकू नका. संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावी जो पहिला गोठा मांडला म्हणतात, त्यात गवत, गव्हाणी, बैल आणि गाढव एवढंच होतं. बाळाची मूर्ती नाही, मरीया-योसेफ नाहीत. त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. बाळाच्या जागी भाकर. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थही 'भाकरीचं घर'.

आजच्या गोठ्यात धबधबा, विमानतळ आणि फिरता डायनोसॉर असतो त्याबद्दल बोलत नाही.

तिसरी_घंटा | 8:33

डायनोसॉरला बक्षीस मिळतं हो.

पंढरीचा_पाहुणा | दुपारी 1:15

मी ख्रिस्ती नाही, आवडीने वाचतोय. एक शंका. देव माणूस होऊन आला, यालाच आम्ही अवतार म्हणतो. मग तुमच्याकडे वेगळा शब्द का?

वेशीबाहेर | 2:40

@पंढरीचा_पाहुणा, प्रश्न रास्त आहे. अवतार हा शब्द मराठी ख्रिस्ती लेखनात आलेला आहे, पण धर्मशास्त्रात 'देहधारण' रूढ आहे. दोन कारणं. एक, हे एकदाच घडलं असं आम्ही मानतो, युगायुगात पुन्हा नाही. दुसरं, देह कार्य संपल्यावर उतरवून ठेवायचा वेश नाही. तो भुकेजला, थकला, मेला आणि देहासकट उठला असा विश्वास आहे. 451 च्या खाल्केदोन परिषदेने हेच नेमक्या शब्दांत बांधलं: पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकच व्यक्ती, दोन स्वभावांची सरमिसळ नाही आणि फाळणीही नाही.

योहान 1:14 मध्ये "शब्द देही झाला." देही दिसला असं नाही, झाला. पुढचं क्रियापद, "वस्ती केली", ग्रीकमध्ये तंबू ठोकण्याचं आहे. भटक्या माणसाचं पाल.

दुसरा उतारा फिलिप्पै 2:6-8. "स्वतःला रिक्त केले." माझ्या मते धाग्याच्या नावातली रिकामी गव्हाणी इथे येऊन बसते. चार आठवडे ती रिकामी ठेवतो तेव्हा आपण कुणाची तरी वाट पाहतो एवढंच नाही. जो येणार तो स्वतःच रिकामा होऊन येतोय.

आता थोडं अवांतर, प्रॉटेस्टंट बाजूने. नाताळ सगळ्या ख्रिस्ती लोकांनी नेहमी पाळला असं नाही. अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 नाताळ साजरा करायला कायद्याने बंदी होती, पाच शिलिंग दंड. बायबलात नाही म्हणून. अहमदनगरला 1831 मध्ये ठाणं मांडणारे अमेरिकन मिशनरी त्याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. म्हणून @खोडरबर, तुमचा आक्षेप फार जुना आणि घरचाच आहे. 🙂

पंढरीचा_पाहुणा | 2:58

'पाल' आवडलं. धन्यवाद.

खोडरबर | 3:10

पाच शिलिंग! माघार.

मिठागर | रात्री 8:20

माहिती भरभरून मिळाली, पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे. बसलो, मेणबत्ती लावली, लूक 2 वाचलं. आता पुढची पंधरा मिनिटं काय?

पायवाट | 9:35

संत इग्नेशियसच्या 'आध्यात्मिक साधने'त जन्माच्या मननाची रीत परिच्छेद 110 ते 117 मध्ये दिली आहे. त्याने स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइट) फादर घेतात त्या तपसाधनेत हीच असते. घरी करायची तर अशी:

जागा आणि बैठक आधी ठरवा, रोज तीच. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबल छापील, कारण मोबाइलवरच्या बायबलावर घरच्या ग्रुपवरचे केकचे फोटो टपकतात.

एक मिनिट नुसतं बसा. मग एकच वाक्य मागा: ज्याने माझ्यासाठी देह घेतला त्याला आतून ओळखू दे.

लूक 2:1-7 मोठ्याने वाचा. थांबा. पुन्हा वाचा, या वेळी हळू.

मग वाट उभी करा. इग्नेशियस इथे भलताच बारकाईने विचारतो: नाझरेथ ते बेथलेहेम रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराचा? गुहा किती मोठी, किती बुटकी? बेथलेहेम समुद्रसपाटीपासून साधारण 775 मीटरवर आहे, म्हणजे दिवस भरलेल्या बाईला शेवटी चढच. हे भूगोलासाठी नाही. मन रस्त्यावर गुंतलं की बाजारात जात नाही.

मग माणसं बघा, ती काय बोलतात ऐका, काय करतात पाहा. आणि स्वतःला त्यात एक लहानसा नोकर म्हणून उभं करा. पाणी आणा, कंदील धरा. फार करू नका.

शेवटची तीन-चार मिनिटं बोला, जसं माणूस माणसाशी बोलतो. मग "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आणि उठा.

कुठे बिघडतं? एक, एका बैठकीत सगळं उरकायची घाई. जिथे काही सापडलं तिथेच थांबायचं, पुढे जायची चिंता नको, असं तो स्पष्ट सांगतो (76). दुसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा घ्यायचा. दोन, मननाचं प्रगतिपुस्तक होतं: मी किती रागावते, नव्या वर्षात काय सोडायचं. ते विवेक-परीक्षण, त्याची वेळ वेगळी. इथे बघायचं आहे, स्वतःकडे नाही. तीन, डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणजे जमलं नाही असा समज.

शब्दवेडी | 9:50

@पायवाट +1. लूक 2:19 मध्ये मरीयेने या गोष्टींचं 'मनन' केलं, तिथे ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'एकत्र ठेवून पाहणे' असा आहे. मेंढपाळांचं बोलणं, देवदूताचा निरोप, दमलेले पाय, सगळं शेजारी शेजारी ठेवलं. तिलाही लगेच उलगडलं असं लूक म्हणत नाही.

अर्धविराम | 10:12

17 ते 23 डिसेंबरसाठी अजून एक. संध्याप्रार्थनेत मरीयेच्या गीताआधी रोज एक छोटी हाक असते: हे ज्ञाना, हे अदोनाय, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. लॅटिनमधली सात आद्याक्षरं उलटी लावली की 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. वेळ कमी असेल त्यांनी रोज एक हाक घ्यावी, जेवणाआधी.

मीठभाकर | 10:40

ज्या घरात यंदा मृत्यू झालाय त्यांनी काय करावं? गोठा मांडायचा नाही असं काही जण म्हणतात.

जांभळा_रविवार | 11:05

@मीठभाकर, चर्चचा तसा नियम नाही. काही घरांत तारा, गोडधोड आणि गाणी टाळतात, ते समजण्यासारखं आहे. पण गोठा म्हणजे सजावट नव्हे. परातीत गवत आणि रिकामी गव्हाणी, एक मेणबत्ती, एवढं पुरतं. आणि नाताळच्या आठवड्यातच 28 डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बाळांचा दिवस येतो, त्याआधी 26 ला संत स्तेफन, दगडांनी मारलेला. या सणात रडण्याला जागा आहे, ती चर्चनेच ठेवली आहे.

मीठभाकर | 11:09

🙏

नाचणीसत्त्व | शनिवार, 29 नोव्हेंबर, सकाळी 6:55

गोठ्याच्या गवताचं राहिलं. नाचणी 12 डिसेंबरच्या सुमाराला भिजत घाला, पुणे-नाशिकच्या थंडीत तीन दिवस आधी. 30 बाय 30 सेंमीच्या ट्रेला दोन मोठे चमचे पुरतात. रात्रभर भिजवा, एक दिवस फडक्यात बांधून मोड आणा, दोन-तीन सेंमी मातीवर पसरा, ओलं गोणपाट दोन दिवस झाका. मग गोणपाट काढून उजेडात. काढायला विसरलात तर घटाच्या धानासारखं पिवळं गवत येतं. पाणी शिंपडा, ओतू नका, नाहीतर चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आणि वास. दहा-बारा दिवसांत चार बोटं होतं.

ट्रेच्या मधोमध एक वाटी उपडी ठेवून मग माती भरा. 24 ला वाटी उचलली की गव्हाणीची जागा तयार.

तिसरी_घंटा | 7:20

नाचणी अख्खीच ना? घरात पीठ आहे.

नाचणीसत्त्व | 7:22

पिठाची भाकरी करा आणि @जांभळा_रविवार यांना द्या, भाकरीच्या घराची.

मिठागर | 7:45

बरंच हाती लागलं. एक शेवटचं: बाळ गव्हाणीत कुणी ठेवायचं? धाकट्याने की थोरल्याने?

वेशीबाहेर | 8:10

नियम नाही. बऱ्याच घरांत सगळ्यात लहान मूल ठेवतं.

जांभळा_रविवार | 8:32

कॅथलिक घरात मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर. आगमनकाळात रविवारी गाळलेलं 'ग्लोरिया' त्या रात्री परत येतं, ते मुळात लूक 2:14 मधलं देवदूतांचं गाणं. आणि श्रद्धाप्रकटनात एरवी "मनुष्य झाला" या शब्दांना आपण नुसती मान लववतो, नाताळला सगळं चर्च गुडघे टेकतं. एकदोन सेकंदांचं असतं, पुस्तकात बघत राहिलं तर हुकतं. घरी बाळ ठेवतानाही तेवढंच करा. दिवे नंतर लावा.

पायवाट | 8:40

उद्या संध्याकाळी पहिली. आगपेटी परातीशेजारी नको, वाळूच्या ओलीने सर्द होते. वरच्या फळीवर ठेवा.